कागदात गुंडाळलेली काच

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेला बांधतात तो नव्हे. तुमच्या घरचा रिसायकलिंगचा डबा रिकामा झाला की त्यातल्या वस्तू कारखान्यात येतात आणि एका लांबलचक काळ्या रबरी पट्ट्यावरून सरकत जातात. दोन्ही काठांना उभी असलेली माणसे त्या निवडतात. तो पट्टा मी. आता मला काढून मागच्या भिंतीशी गुंडाळून ठेवले आहे. माझ्या अंगात रबर आणि कापड असे चिकटले आहे की ते कोणाला सोडवता येत नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या वस्तू मार्गी लावल्या, आणि मलाच कुठल्या डब्यात जागा नाही.

मी नवा होतो तेव्हा मुकादमाने माझ्यावरून हात फिरवला होता. "वा! आता काम कसं लोण्यासारखं होईल," तो म्हणाला. मी फुगून गेलो. लोणी कसले! पहिल्याच सकाळी एक भरलेला डायपर आला. त्याच्या मागून उष्ट्या अन्नाने लडबडलेले डबे आले, खेळण्यातले सेल आले, एक तुटकी चप्पलही आली. लोकांना वाटते, डबा आहे ना, टाकून देऊ, पुढचे बघतील काय ते. ते पुढचे म्हणजे माझ्या काठावरची माणसे.

त्यांत एक सासू होती आणि तिच्या समोरच्या काठाला तिची सून. सासूला सगळे मावशी म्हणत. मावशी कागद काढायची, सून बाटल्या. माझी घरघर इतकी की दोघींना ओरडूनच बोलावे लागे. त्यामुळे त्यांच्या घरात काय चालले आहे, तान्ह्या नातीला दात आला की नाही, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक असायचे.

कागदाच्या बाबतीत एक गोष्ट फार जपावी लागते. ओला कागद आत गेला की सगळा गठ्ठा कुजतो, आणि कागदाची गिरणी तो आल्या पावली परत पाठवते. म्हणून मावशी प्रत्येक पुडके मुठीत दाबून बघायची. हातमोज्यातून ओल कळत नाही, त्यामुळे उजव्या हाताचा मोजा कायम तिच्या कमरेला खोचलेला.

"आई, मोजा घाला ना!" सून ओरडायची.

"अगं, बाळाचा ताप काय मोजा घालून बघतेस?" मावशी तिकडून ओरडायची. "हे तसंच आहे."

सून कपाळाला हात लावायची आणि हसायची. मावशीचे चुकत नसे. तिचा हात फार जाणता होता.

एका दुपारी वर्तमानपत्राचे एक पुडके आले. नीट घड्या घातलेले, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावलेले. इतके टापटीप पुडके आमच्याकडे क्वचितच यायचे. मावशीला फार बरे वाटले.

"बघ गं, लोकं सुधारायला लागली," ती म्हणाली, आणि नेहमीसारखे तिने ते मुठीत घट्ट दाबले.

आत फुटलेला काचेचा पेला होता.

 मावशी नुसती हाताकडे बघत राहिली. सुनेने किंचाळून मला थांबवायची दोरी ओढली आणि मी थांबलो. तिने डोक्याचा फडका सोडून सासूच्या हाताला गुंडाळला, तोही बघता बघता लाल झाला. मुकादमाने ते पुडके उलटे केले. खालच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिले होते, ‘आत काच आहे. सांभाळून उचला.’

"लिहिलंय की हो," मुकादम हळूच म्हणाला.

"पालथं आलं ते!" सून रडत ओरडली. "आणि या डब्यात टाकलंच कशाला? वरून कागद दिसतो म्हणून?"

मित्रांनो, मला त्या अनोळखी माणसावर धड रागावताही येत नाही. त्याने काळजी घेतली होती, पण ती काळजी त्याच्या दारापर्यंतच पुरली. फुटलेला पेला रिसायकलिंगच्या डब्यात जातच नाही, कितीही छान बांधला तरी नाही. तो जाड खोक्यात बंद करून, वर लिहून, साध्या कचऱ्यात द्यायचा असतो.

मला धुतले, पण माझ्या जोडात मुरलेला डाग गेला नाही. प्रत्येक फेरीला तो सुनेसमोरून जायचा आणि ती तेवढ्यापुरती मान फिरवायची.

जखम भरल्यावर मावशी परत आली. मुकादमाने तिची जागा राखली होती. तिने पहिले पुडके उचलले, दाबले, पुन्हा दाबले. तिची दोन बोटे वळत नव्हती. 

"सूनबाई," तिने विचारले, "बघ गं जरा, हे ओलं आहे की कोरडं?"

त्या पुडक्यातून पाणी माझ्यावर ठिबकत होते.

 सुनेने वाकून ते पुडके सासूच्या हातातून काढून घेतले. दुसऱ्या दिवसापासून मावशीच्या जागी दुसरी बाई उभी राहू लागली, आणि सुनेने ओरडून बोलणे सोडून दिले.

मित्रांनो, उद्या तुमच्या हातात फुटका पेला असेल आणि समोर डबा असेल, तेव्हा क्षणभर थांबा. मला कोणी दोरी ओढल्याशिवाय थांबता येत नव्हते. तुम्हाला येते.