माझं झाकण उघडू नका

मी चुन्याची डबी बोलतेय. पितळेची, लिंबाएवढी. आत्ता डोळ्यांच्या दवाखान्यात बाकड्यावर मुबशिराच्या मुठीत आहे, आणि आतल्या खोलीत तिच्या आईच्या, मेहमुदाच्या डोळ्यावर पट्टी आहे.

मेहमुदाच्या लग्नात पानाच्या डब्याबरोबर मी कसबा बावड्याला आले. पानाला चुना लागायचाच, पण गल्लीत दुसराच नाद. गांधीलमाशी चावली, आणा चुना. पाय मुरगळला, आणा चुना-गूळ. माणसांना एकदा गुण आला की ती विचार करायचं सोडतात. मीही फुशारून गेले होते.

काल सकाळी मुबशिरानं मला शाळेत नेलं. बाईंनी हळदीच्या पाण्यात माझा चुना टाकला, पाणी लालभडक झालं. मग लिंबू पिळलं, पुन्हा पिवळं. "आम्लाचा जोर चुन्यानं मरतो, चुन्याचा आम्लानं," बाई म्हणाल्या. पोरगी तेवढंच डोक्यात घेऊन निघाली. वाटेत मी दप्तरातून पडले, झाकण चेपलं, कडेचा चुना वाळून घट्ट बसला.

दुपारी मेहमुदा मोरी घासत होती. ॲसिडची बाटली निसटली आणि शिंतोडा थेट डोळ्यात.

"अम्मी, थांब, चुना घालते. ॲसिड मरतंय त्येनं."

"घाल की मग, आग व्हायला लागलीया."

शेजारची शालूबाई धावत आली. "बघत काय बसलीस? भर डोळ्यात."

अगं बायांनो, डोळा म्हणजे शाळेतला पेला नव्हे. ॲसिड जाळतं तसा चुनाही जाळतो, वर बुबुळाला चिकटून बसतो. हे ओरडून सांगायला मला तोंड एकच, आणि ते उघडलं की घात. म्हणून मी दात आवळले.

झाकण ओढताना मुबशिराची नखं मोडली. शालूबाईनं सांडशी लावली. "ह्या रांडंला आजच अडून बसायचं हुतं व्हय?" दे शिव्या, बाई. झाकण किरकिरलं, जरा हललं. मी संपलेच होते.

"मरू दे ती डबी, पाणी ओता की," मेहमुदा किंचाळली आणि स्वतःच नळाखाली गेली. मग शालूबाई तांब्यावर तांब्या ओतत राहिली.

आत्ताच डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "डोळ्यात चुनाबिना घातला नाही ना?"

"डबी उघडलीच न्हाय," मुबशिरा पुटपुटली. उघडली नाही म्हणून कालपासून ती मलाच दोष देत होती.

"घातला असता तर डोळा गेलाच होता. आता बुबुळ पांढुरकं दिसतंय. बघू."

बघू म्हणजे काय, ते कुणी सांगेना. माझं एवढंच ऐका. डोळ्यात काहीही उडो, पाणी ओता, ओतत राहा आणि दवाखाना गाठा. उतारा शोधत बसू नका.

आतून मेहमुदाचा आवाज आला. "मुबा, तोंड कडू झालंय गं, पान खावं वाटतंय. डबी हाय का तुझ्याजवळ?"

पोरीनं दोन्ही हातांनी माझं झाकण दाबून धरलं. "न्हाय अम्मी."

दाब, पोरी. सोडू नकोस.