ओक गरम असेपर्यंत

उकळतं

जर्मनीतल्या इंगोलश्टाटमधली बाल्कनी. गॅसच्या ग्रिलवर पत्र्याचा टब, त्यात ओकच्या लाकडाच्या पट्ट्या आणि एक न कापलेला ओंडका रटरटतोय. अश्वजितनं फोन कठड्यावर टेकवलाय. स्पीकरवर त्याची बायको क्षमा, क्लिनिकमधून. तिच्यासमोर काचेच्या पेटीत त्यांची मुलगी. वेळेच्या फार आधी आलेली. काल तिला जंतुसंसर्ग झाला.

लँकेस्टरला पीएचडी करताना क्षमा लेक डिस्ट्रिक्टमधल्या एका म्हाताऱ्याकडे स्विल विणायला शिकली. स्विल म्हणजे ओकच्या पट्ट्यांची पसरट टोपली. तिकडे तिच्यात बटाटे ठेवत, कोळसा ठेवत, तान्ही बाळंसुद्धा. आपलं बाळ स्विलमधूनच घरी येणार, हे क्षमानं केव्हाच ठरवलेलं. कालपासून ती दुसरं काही बोलत नाही.

गरम

पहिली पट्टी वाकवली. कट्.

दुसरी. कट्.

"अश्वजित, तू पट्ट्या कापल्यास?"

"वर्कशॉपच्या मशीनवर. सगळ्या दोन मिलिमीटर, एकसारख्या."

"गाडीचा पार्ट आहे का तो? करवत लाकडाचे धागे तोडते. गरम असताना सुरी रोवायची आणि हातानं फाडायचं. ते जाईल तिकडे जाऊ द्यायचं."

"आणि जाडी?"

"अंगठ्याला विचार."

त्यानं गॅस बारीक केला, ओंडका बाहेर काढला. सुरी, मग बोटं. चर्रर्र. पट्टी इथे जाड, तिथे पातळ. वाकवली. तुटली नाही.

"ऐकू आलं," ती म्हणाली. "थांब, डॉक्टर आल्यात."

कोमट

फोन चालू. मॉनिटरचं बीप बीप. जर्मन बोलणं, तुकड्यातुकड्यांत. त्याला ऐकायचंय. लाकूड निवतंय. फाडताना ऐकू येत नाही, ऐकायला थांबलं तर लाकूड

फाडतो.

"क्षमा?"

"औषध बदललंय. अबवार्टन, म्हणाल्या."

"म्हणजे अजून काहीच"

"म्हणजे वाट बघा. मला नाही बघवत वाट. पट्ट्या पुरतील का?"

"नाही. निम्म्यासुद्धा नाहीत."

"मग बोलतोयस काय? फाड."

गार

सुरी मधेच अडकली. त्यानं जोर लावला, पाय लावला. ओंडका दगडासारखा.

"गेलं गं," तो म्हणाला.

पलीकडे फक्त बीप बीप. तो ते ऐकत राहिला, एखादं बीप चुकेल की काय म्हणून श्वास रोखून.

"परत टाक टबात," क्षमा म्हणाली. "ओकला चालतं परत उकळलेलं."

उकळ

त्यानं सुरीसकट ओंडका पाण्यात ढकलला. गॅस वाढवला.

"टाकलास?"

"हो."

"फोन ठेवू नकोस."

पाणी अजून हललेलं नाही.