रेडिओचे नवे शब्द

रेडिओ बंद पडला, यावर आधी कुणाचा विश्वासच बसला नाही. रेडिओ म्हणजे विम्याच्या पॉलिसी विकणारा एक धडधाकट गृहस्थ. हे नाव त्याला ऑफिसातल्यांनी ठेवलं आणि घरच्यांनी आनंदानं उचललं. जिन्यात भेटलेल्या माणसाच्या गळ्यातही तो वरचा मजला येईपर्यंत पॉलिसी मारायचा. अशा माणसाच्या मेंदूत एका सकाळी दाढी करता करता रक्ताची गुठळी अडकली. हातपाय हळूहळू ताळ्यावर आले. शब्द मात्र आले नाहीत.

म्हणजे डोक्यात सगळं जागच्या जागी होतं. समोरचा कंगवा हा कंगवाच आहे, हे त्याला पक्कं ठाऊक असायचं. तोंडातून मात्र भलतंच निघायचं. बोलण्याचे उपचार करणाऱ्या मॅडमनी पेल्याचं चित्र दाखवलं, तर तो म्हणाला, "पाणघर."

"छान! चुकलं तरी चालेल, बोलत राहा," मॅडम म्हणाल्या. "हे सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात. आता गप्प बसलात तर पुढे जड जाईल."

चालेल म्हणे! बोलायला यांचं काय जातं?

मुलगी नोकरीच्या गावी असायची. रविवारी तिचा फोन आला. काय करताय बाबा, असं तिनं विचारलं आणि हा बिचारा म्हणाला, "पाणघर पितोय." बाबांचा नेहमीचा विनोद समजून पोरगी खळखळून हसली. अर्ध्यावरच तिला उमगलं. हसू तुटलं आणि पलीकडून नुसते हुंदके ऐकू यायला लागले.

त्या दिवसापासून रेडिओनं मिठाची गुळणी धरली. मॅडमपुढे नाही, भावापुढे नाही, कुणापुढेच नाही. मुलीचा फोन वाजला की हा न्हाणीघरात. "बाबा माझ्यावर रागावलेत का गं?" असं ती दर वेळी विचारायची आणि बायको दर वेळी सांगायची, "नाही गं, झोपलेत." आपण पोरीला रडण्यापासून वाचवतोय, अशी त्याची समजूत होती.

बायको घरीच शिवणकाम करायची. आता काम करता करता त्याला पेपर वाचून दाखवायची. इंग्रजी शब्द अडला की नवऱ्याला विचारायचं, ही तिची लग्नापासूनची सवय, आणि तोही तत्काळ अर्थ सांगायचा. निम्मे खरे, निम्मे ठोकून दिलेले. या रविवारी पुरवणीत इंग्रजीत नव्यानं तयार झालेल्या शब्दांचं एक पान होतं.

"अहो, हे डूम... डूमस्क्रोलिंग काय असतं?"

त्यानं मान हलवली. खरंच माहीत नव्हतं. आजारपणामुळे नव्हे, तर कधीच माहीत नव्हतं! पहिल्यांदाच दोघंही सारखेच अडाणी. त्याला एकदम हलकं वाटलं.

"फोनवर तासन् तास वाईट बातम्या चाळत बसणे," तिनं खालचं वाचलं. "म्हणजे तुमचे धाकटे बंधू."

त्याला हसू फुटलं. मग आलं श्रिंकफ्लेशन. किंमत तीच, पुडा लहान. "मेले बिस्किटं कमी करतात आणि वर त्याला झोकदार नाव देतात!" मग वर्केशन, म्हणजे सुट्टीला जाऊनही ऑफिसचं काम करणं. ते वाचून तिनं कपाळाला हात लावला. मग हँग्री. भुकेचा आणि रागाचा असे दोन इंग्रजी शब्द एकमेकांना जोडलेले. भुकेनं चिडलेला माणूस.

"हे तर तुम्हीच! जेवायला जरा उशीर होऊ दे की..."

"हँ..." तो म्हणाला.

तिची सुई हवेतच राहिली. दुसरं कुणीही असतं तर पुढचा शब्द चटकन त्याच्या तोंडात कोंबला असता. भाऊ तर दोन-दोन शब्द कोंबायचा. ती नुसती थांबली.

"हँग्री."

कोण कुठले ते शब्द जोडणारे लोक! त्यांनाही हवा तो शब्द सापडला नव्हता. त्यांनी हाताशी होते ते दोन तुकडे घेतले, टाका मारला आणि आपलं काम भागवलं. त्यांना कुणी पेशंट म्हटलं नाही. उलट पेपरात छापलं. पाणघर काय वाईट होतं मग? त्या अनोळखी माणसांचे त्यानं मनोमन उपकार मानले.

बायको पुढचा शब्द वाचत होती. "घोस्टिंग. भांडण नाही, तंटा नाही, जवळच्या माणसाशी एकाएकी बोलणंच बंद करणे. फोन घ्यायचा नाही, निरोप द्यायचा नाही. आपलं काय चुकलं, याचा विचार करून करून समोरचं माणूस..."

ती थबकली. तिनं काही मुद्दाम वाचलं नव्हतं, ओळीनं आला म्हणून वाचला होता. नवऱ्याकडे न बघता तिनं पेपर घडी करून ठेवला आणि शिवण पुढे ओढलं.

तो मात्र जागीच खिळला. वाचवणं कसलं? पोरीशी आपण हे करत होतो तर.

फोन वाजला. बायको उठायच्या आत त्यानं उचलला.

"बाबा?" त्याच्या श्वासावरूनच मुलीनं ओळखलं. "रागावलात?"

"हँग्री..." छे! "हँग्री... नाही. राग... नाही."

मग तिला हसू आलं आणि तिनं ते घाईघाईनं दाबलं. ते त्याला स्पष्ट ऐकू आलं.

"हस," तो म्हणाला. "हस गं. हस."

आणि ती हसली. रडलीही, पण दोन्ही मोकळेपणानं.

"आई कुठंय, बाबा?"

"इथं. माझी..." शब्द येईना. त्यानं हाताशी होतं ते उचललं. "माझी थांबकरीण."

"कोण?"

"सगळे... शब्द देतात. घाई. ही... थांबते." त्याला घाम फुटला होता, पण सांगायचं राहिलं होतं. "म्हणून... आलो. परत."

त्यानं फोन बायकोच्या हातात दिला.

"आई? बाबा काय म्हणाले, ऐकलंस का?"

बायकोनं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. एवढी बोलकी बाई, पण एक शब्द सापडेल तर शपथ. पलीकडून मुलगी आई, आई करत राहिली.

तो शेजारी बसला आणि थांबला.