खुंटीवरचा खकाणा

माझी मालू गेली त्याला सात महिने झाले होते, तेव्हा निपाणीच्या वाचनालयात निवेदिता मॅडमची सभा झाली. मॅडम बेळगावात टिळकवाडीला राहतात, कॉलेजात शिकवतात. गावातल्या लोकांनी स्वतः प्रश्न काढायचा, स्वतः मोजायचं, आणि त्या फक्त मदत करणार, असं त्यांनी सांगितलं. आधी प्रत्येकानं आपलं काम सोप्या भाषेत सांगायचं होतं.

मी म्हणालो, "मी वखारीत चाळणीवर हाय. खकाणा काढतो."

"खकाणा म्हणजे?"

"तंबाखूचं पान वाळवून कुटायचं. मग चाळायचं. पान एकीकडं, काडी एकीकडं. जे हवेत उडतं अन् नाकात झोंबतं, त्यो खकाणा."

"आता समजलं. तुमचा प्रश्न काय, मष्णूअण्णा?"

"माझ्या बायकोला कुणी मारलं?"

डॉक्टरांनी मालूची छाती खराब झाली एवढंच सांगितलं होतं. ती वखारीत कधी गेली नाही. पण आमचं घर वखारीच्या मागच्या खिडकीसमोर आहे. चोवीस वर्षं मी उपेंद्रअण्णांच्या वखारीत राबलो आणि त्यांच्याच खिडकीनं माझं घर मोडलं, हे मी मनात पक्कं केलं होतं. मला ते चारचौघांत, कागदावर हवं होतं.

मॅडम म्हणाल्या, "हे मला मोजता येणार नाही. मोजता येईल असं काही विचारा."

मी विचार करून म्हणालो, "खिडकीतला खकाणा किती लांब येतो?"

त्यांनी ते फळ्यावर लिहिलं.

पांढऱ्या पुठ्ठ्यांवर सारखे चौकोन आखून, व्हॅसलीन लावून ते टांगायचे आणि सात दिवसांनी भिंगाखाली ठिपके मोजायचे, असं ठरलं. एक पुठ्ठा मी खिडकीखाली लावला, एक शेजारच्या अक्काताईच्या ओट्यावर, एक लांब देवळापाशी. मॅडम म्हणाल्या, घरातही एक लावा. दाराजवळच्या भिंतीला खुंटी होती, तिच्याखाली लावला. त्या खुंटीला माझा कामाचा सदरा असतो.

सात दिवसांनी मोजलं. एका चौकोनात खिडकीखाली एकसष्ट ठिपके, ओट्यावर बावीस, देवळापाशी चार. खुंटीखालचे दोनशेच्या वर गेले. मी भिंग पुसून परत मोजले.

तो पुठ्ठा मी दुमडायला घेतला. अक्काताई दारात उभी होती.

"फाड की. पण मालू काय करायची, ठावं हाय?"

"काय?"

"रोज सांजच्याला तुझा सदरा दारात धरून झटकायची. पदर तोंडाला लावून. आमी चेष्टा करायचो, नवऱ्याच्या सदऱ्याचं लई कौतुक हाय गं तुला. खोकत खोकत हसायची."

मला ते माहीत नव्हतं. मी आलो की सदरा खुंटीला अडकवून मागं हातपाय धुवायला जायचो. सकाळी सदरा साफ असायचा. कसा, ते मी कधी विचारलं नाही.

मॅडमला फोन केला. खुंटीचा पुठ्ठा सोडून बाकीचे तीन दाखवू का, असं विचारलं.

"एक लपवलात तर बाकीच्या तिन्हींना काय किंमत? आणि हे ध्यानात ठेवा, पुठ्ठा धूळ सांगतो. वहिनी कशानं गेल्या ते सांगत नाही."

"मग माझ्या काय कामाचा?"

"प्रश्न चुकला असेल. दुसरा काढा."

दुसऱ्या दिवशी चाळणीवर बसून मी आजूबाजूला बघत होतो. आम्ही बेचाळीस माणसं. कपडे बदलायला जागा नाही. एक नळ आहे, त्याला कुलूप. ते पाणी फक्त पानावर शिंपडायचं. हात धुतले म्हणून मला एकदा अर्ध्या दिवसासाठी घरी पाठवलं होतं.

पुढच्या सभेला उपेंद्रअण्णा आले होते. पुढच्याच खुर्चीत बसले. मी चारही पुठ्ठे टेबलावर मांडले आणि आकडे वाचले.

अण्णा हसले. "म्हणजे खिडकी न्हाय. बायकोला तूच मारलंस की रं मष्णू."

हे ते बोलणार, मला ठाऊक होतं. मी आठ दिवस त्याचीच वाट बघत होतो.

"पुठ्ठा त्ये सांगत न्हाय, अण्णा. खकाणा माझ्या सदऱ्यावरनं घरात आला, एवढंच सांगतोय. सदरा माझा, म्हणून त्या पुठ्ठ्यावर पहिलं नाव माझं लिवलंय. खकाणा तुमच्या वखारीतला अन् नळाला कुलूप तुमचं, म्हणून दुसरं तुमचं." मग मी मॅडमकडं वळलो. "माझा प्रश्न बदलून लिवा. कामाच्या कपड्यांतनं किती घरांत खकाणा जातो?"

अण्णांचं हसू गेलं. "कुणाच्या घरात लावणार हायस पुठ्ठे? कोण लावून घेणार?"

मागून अक्काताई उठली. तिचा नवरा भरमू माझ्याच चाळणीवर असतो. "माझ्या खुंटीला लाव रं पहिला." तिच्यामागं अजून नऊ बायकांनी हात वर केले. त्यातल्या दोघी खोकत होत्या.

अण्णांनी प्रत्येकीचं तोंड बघून घेतलं आणि निघून गेले. सोमवारी त्यांनी नळाचं कुलूप काढल्याचं कळलं. मला कामावरून काढल्याचंही त्याच वेळी कळलं.

आता मला दिवसभर वेळ असतो. मालूच्या पाटावर बसून मी पुठ्ठ्यांना व्हॅसलीन लावतो. एकतीस घरं झाली. अकरा राहिली आहेत.