भिंगरीचे हात

आप्पांच्या लेकाने मोठेपणी पहिल्यांदाच त्यांच्याकडे काही मागितलं होतं, त्यामुळे आप्पांचे पाय जमिनीवर नव्हते. लेक जन्मापासून बहिरा. त्याच्यासारख्या, हातांनी बोलणाऱ्या मंडळींनी भेटण्या-बसण्यासाठी एक हॉल घेतला होता आणि त्याच्या दर्शनी भिंतीवर त्यांना मोठं चित्र हवं होतं. कुणा पुढाऱ्याचं नाही, आपल्यातल्याच एका पोराचं. आप्पांची नात भिंगरी बापासारखीच न ऐकणारी, आणि आप्पा जन्मभर दुकानांच्या पाट्या नि सिनेमाचे बॅनर रंगवून थकलेले पेंटर. मग घरचा माणूस सोडून बाहेर कशाला जायचं?

चेहरा काढावा तर आप्पांनीच, असं बाजारात म्हणत. आप्पांचंही तेच मत होतं.

पण पोरगी स्टुलावर बसली की तिचे हात सुरू. खिडकीतल्या मांजराबद्दल, शाळेतल्या मैत्रिणीबद्दल, आजोबांच्या नाकाला लागलेल्या हिरव्या रंगाबद्दल. आप्पांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना एवढंच दिसे की बोटं हलली की खांदे हलतात आणि खांदे हलले की मान. त्यांनी तिला उशी दिली, बाहुली दिली, बिस्कीट दिलं. शेवटी वैतागून तिचे दोन्ही हात धरले आणि तिच्याच मांड्यांखाली सारले. पोरगी समजूतदार, तशीच बसून राहिली. मग काय, चेहरा असा साधला की म्हातारा स्वतःवरच खूश.

चित्र न्यायला लेक आणि सून आले. सून ऐकणारी-बोलणारी, पण लग्न ठरल्याबरोबर नवऱ्याची भाषा शिकून मोकळी झालेली. लेकाने चित्र पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग बायकोकडे वळून हात हलवले.

"काय म्हणाला?" आप्पांनी विचारलं.

"चेहरा छान आलाय म्हणाले."

"एवढ्यासाठी इतके हातवारे? सूनबाई, मी म्हातारा झालोय, खुळा नाही."

सुनेने उगाचच भिंगरीचे केस सारखे केले. "म्हणाले, पोरीचं तोंड का बांधलंय?"

तोंड तर हसतंय, असं आप्पा म्हणणार होते. तेवढ्यात त्यांची नजर चित्रातल्या फ्रॉकवर गेली. दोन्ही हात मनगटापासून गायब.

लेक भिंगरीएवढाच असताना ते रोज संध्याकाळी त्याला असंच बसवत. हात मोकळे राहिले तर जीभ आळशी होईल, असं कुणा जाणत्याने सांगितलं होतं. पाणी म्हण. हात खाली. बाबा म्हण. हात खाली. पोराने घशातून कसेबसे आवाज काढले, गल्लीतली पोरं त्यावर फिदीफिदी हसली, आणि मोठा झाल्यावर त्याने तो आवाज कायमचा बंद केला. मी माझ्या परीने सगळं केलं, असं आप्पा सांगत फिरायचे. केलं होतंच. त्याची भाषा तेवढी शिकायची राहिली होती.

"ठेवून जा," आप्पा कसेबसे म्हणाले. लेकाच्या तोंडाकडे बघायची त्यांना लाज वाटत होती. "चुकलं माझं. परत काढतो."

या वेळी त्यांनी सुनेला शेजारी बसवून घेतलं. "तिला विचार, चित्रात काय बोलायचंय तिला."

भिंगरीने जरा विचार केला. मग एक हात छातीपाशी नेला आणि दुसरा समोर उघडा धरला.

"म्हणतेय, तुझं नाव काय?" सून म्हणाली.

हात काढता काढता आप्पांना घाम फुटला. भिंगरीने दोनदा उठून ओल्या रंगावर बोट ठेवलं: अंगठा असा नाही, असा. एरवी कुणाचं न ऐकणाऱ्या आप्पांनी मुकाट्याने पुसून पुन्हा काढला.

हॉल उघडला त्या दिवशी गर्दी होती. आप्पा कोपऱ्यात खुर्ची धरून बसले. जो येई तो चित्रासमोर थांबे, हसे आणि हाताने काहीतरी करून पुढे जाई. एकाने आपल्या गालाच्या खळीला बोट लावलं, एकीने आपल्या भुवईवरचा व्रण दाखवला.

"चित्रातल्या पोरीला आपापलं नाव सांगतायत," सून म्हणाली. "यांच्यात प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. आपलं आपण घ्यायचं नाही, बाकीच्यांनी द्यायचं."

आप्पांना बरं वाटलं. तेवढ्यात भिंगरीने त्यांचा हात ओढत त्यांना चित्रासमोर नेऊन उभं केलं. चित्र कुणी काढलं ते सगळ्यांना ठाऊक होतं, सगळे कौतुकाने बघत होते.

"माझी खूण कुठली गं?" आप्पा सुनेच्या कानाशी पुटपुटले. "दाखव पटकन."

सुनेने ते हातांनी नवऱ्याला सांगितलं. त्याने मान खाली घातली.

"तुम्हाला नाहीये, आप्पा."

"नाहीये म्हणजे?"

"जो यांच्याशी बोलतो, त्यालाच देतात."

आप्पांचे दोन्ही हात नुसतेच लोंबत राहिले. भिंगरीला वाटलं, आजोबांना चित्रातला प्रश्नच कळला नाही. तिने आपले हात वर उचलले आणि तो पुन्हा, सावकाश विचारला.