ओ देऊ नकोस

माझ्या मुलाचं कागदावरचं नाव मानखोंग. विहारातल्या भिक्खूंनी जन्मवार पाहून ठेवलेलं. अर्थ म्हणे भक्कम, न हलणारा. नवरा खूश झाला. मला मात्र ते नाव नको होतं, कारण बँकॉकच्या नगरस्तंभाच्या देवळाच्या दारातच मी झेंडूचे हार विकते.

हा स्तंभ उभारताना म्हणे राजाची माणसं गल्लोगल्ली हाका मारत फिरली होती, इन, चान, मान, खोंग. ज्यानं ओ दिली त्याला धरून आणलं आणि स्तंभाखाली जिवंत पुरलं, शहराची राखण करायला. खरंखोटं कुणी पाहिलंय? पण चारातली दोन नावं एकट्या माझ्या पोराच्या गळ्यात पडली. म्हणून मी त्याला बेडक्या म्हणते. बोलायला लागल्यापासून एकच गोष्ट त्याच्या डोक्यात भरवली होती. या भागात कुणी खऱ्या नावानं हाक मारली आणि माणूस दिसत नसला, तर ओ द्यायची नाही.

शेजारी कमळाच्या कळ्या विकणारी लाम्याई खिदळायची. "सायबुआ, उद्या मंत्र्यानं बोलावलं तरी गप्पच बसेल का गं तुझा बेडूक?"

"बसेल," मी म्हणायचे. "मंत्र्याचं काय एवढं?"

यंदा स्तंभाच्या जवळच जुन्या तटाचा पाया खणायला घेतला. राजवाडा झाला, निजलेला बुद्ध झाला, की पर्यटकांना अजून काहीतरी बघायला हवंच ना. आणि तिथं कामाला लागले कोण, तर आमचे चिरंजीव.

"आई, माती उपसायची आहे, भुतं नाहीत उपसायची," म्हणाला. मी अबोला धरला. काही उपयोग झाला नाही.

त्या दुपारी हार ओवत होते, तर बुडाखालची जमीन हादरली आणि पाठोपाठ आरडाओरडा. खड्ड्याची एक कड ढासळली होती. खाली विटांचं जुनं गटार सापडलं होतं, बेडक्या त्यात शिरला होता आणि गटाराचं तोंड मातीनं बुजलं होतं. कशी धावले ते आठवत नाही.

मुकादम प्रसितनं ढिगाऱ्यात एक पाइप खुपसला होता. त्याला तोंड लावून तो ओरडत होता, "मानखोंग! ए मानखोंग!"

ते नाव, त्या मातीत, तेही जमिनीच्या पोटात तोंड घालून. "नका घेऊ ते नाव," मी त्याचा दंड धरला.

"मावशी, बाजूला व्हा. काम करू द्या."

तो कान लावायचा, पुन्हा ओरडायचा. आतून काहीच येईना. वरच्या कडेला भेग पडत चालली होती. शेवटी प्रसित उठला. "जिवंत असता तर एव्हाना बोलला असता. आता खाली माणसं उतरवली तर तीही जातील. मशीन आणा."

मशीनच्या वजनानं ते गटार चेपणार, हे मलाही कळत होतं. आणि तेव्हाच मला दुसरंही कळलं. पोरगा ऐकत होता. अंधारात, माणूस दिसत नसताना, वरून कुणीतरी खऱ्या नावानं हाका मारत होतं आणि तो तोंड दाबून गप्प बसला होता. मीच बसवला होता त्याला गप्प.

पण मी बोलावलं तर तो ओ देणार. त्याच मातीत. पाइपला तोंड लावलं आणि पुन्हा मागे घेतलं.

"हाक मार गं," मागून लाम्याई म्हणाली. ती रडत होती.

"बेडक्या," मी म्हटलं. "मी आई. ओ दे."

फार खोलातून आलं, "तूच कशावरून?"

"लाम्याईला पाठीमागे काय म्हणतोस तू?"

"फुटका ढोल," आतून आलं, आणि मग रडणं. लाम्याई म्हणाली, "मेल्याला आधी बाहेर तर येऊ दे."

फळ्यांचे टेकू लावून हातांनीच माती उपसली. उजेड असतानाच तो बाहेर आला, एक पाय मोडलेला.

दुसऱ्या दिवशी मी स्तंभाला हार घातला. त्याच मातीत त्यानं ओ दिली होती, हे मला विसरता येत नव्हतं. खाली पुरलेल्यांना मी हळूच म्हटलं, "तुमची नावं घेऊन हाका मारल्या, तेव्हा तो बोलला नाही. माझ्या हाकेला बोलला. तो माझा आहे."