शेवटच्या बुडबुड्याआधी उघडलेला डबा

डबा म्हटले की तुम्हाला शेव, चकली किंवा शाळेतली मधली सुट्टी आठवेल. मित्रांनो, मीही स्टीलचा एक जुना डबाच आहे, पण माझ्यात खाऊ कधी भरला गेला नाही. कोळशाच्या एका तुकड्यातला गॅस सांभाळणे हे माझे काम होते. ते मी नीट करत होतो आणि ते पुरे होण्याआधीच माझे झाकण उघडले गेले. ही गोष्ट सांगताना मला अजूनही चीड येते.

माझा जन्म भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या एका गाळ्यात झाला. आजूबाजूच्या गाळ्यांत ताटे, वाट्या आणि तांबे बनत. दिवसभर पत्रा ठोकल्याचा आवाज चाले. मला घडवणारे नाथा हे मूळचे रत्नागिरीकडचे. गिरिजा मॅडमनी माझे चित्र काढून त्यांच्यापुढे ठेवले. हातभर लांब जाड नळी, तिला आटे पाडलेले झाकण, झाकणाच्या आत रबराची कडी आणि वर एक बारीक तोटी.

चित्र उलटसुलट बघून नाथांनी विचारले, “मॅडम, ह्यात लोणचं घालणार काय?”

“नाही हो. आतली हवासुद्धा बाहेर जाता कामा नये, असा डबा हवाय.”

“म्हंजे लोणच्याचाच की! माझी आये पण हेच सांगते.”

डबा तयार झाल्यावर मॅडमनी तोटीतून हवा भरायला लावली आणि मला पाण्याच्या पिंपात बुडवले. झाकणापाशी एक बुडबुडा दिसला.

“एवढासा पण चालायचा नाय?” नाथा वैतागले.

“एवढासाच तर मोजायचाय, नाथाभाऊ.”

कुरकुरत का होईना, त्यांनी सगळे आटे पुन्हा पाडले. मग मात्र पिंपातले पाणी निवांत राहिले.

गिरिजा मॅडम भूगर्भशास्त्र शिकलेल्या होत्या. त्या शांती नगरमध्ये राहत आणि जमिनीखालचा गॅस शोधणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करत. त्या काळात आपल्या देशाने परदेशातून जहाजांनी गॅस आणायला नुकतीच सुरुवात केली होती. शांती नगरमध्ये सिलिंडर संपला की पुढचा येईपर्यंत घरोघरी शेजारणीकडे विचारणा होई. मॅडमच्या मनात एकच होते, की आपल्याच कोळशात गॅस असेल तर तो आधी मोजून तरी बघावा.

हो मित्रांनो, कोळशात गॅस असतो. कोळशात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांत हा गॅस चिकटून बसलेला असतो आणि वरच्या पाण्याचा दाब त्याला तिथेच धरून ठेवतो. खाणकामगार त्याला फार भीत, कारण तो भडकला की स्फोट होतो. पण आधीच भोक पाडून, पाणी उपसून तो हळूहळू बाहेर काढला, तर त्यावर चुली पेटतात, विजेची केंद्रे चालतात.

श्रावणाच्या शेवटी मला झारखंडात नेले. तिथे खोल भोक, म्हणजे गॅसची पहिली विहीर पाडून कोळशाचा लांबट गोल तुकडा वर काढला. वर येताक्षणी दाब सुटतो आणि गॅस निसटायला लागतो. म्हणून मॅडम चिखलातून अक्षरशः धावत आल्या, तो तुकडा त्यांनी माझ्यात ठेवला आणि झाकण घट्ट केले. तसेच आम्ही दोघे, मी आणि तो कोळसा, गाडीने भाईंदरच्या प्रयोगशाळेत आलो. तिथे मला गरम पाण्याच्या टाकीत उभे केले. जमिनीखाली जितकी ऊब असते, तितकीच ऊब त्या पाण्यात सतत राखायची होती. माझ्या तोटीला एक नळी जोडली आणि तिचे दुसरे टोक पाण्याने भरलेल्या उलट्या काचेच्या नळकांड्यात सोडले. गॅसचे बुडबुडे वर चढत, तितके पाणी खाली उतरे. तेच आमचे मोजमाप.

पहिल्या आठवड्यात बुडबुडे भराभर आले. मग ते मंदावले, पण थांबले मात्र नाहीत. हा कोळसा सावकाश देणारा होता. प्रयोगशाळेचे प्रमुख नीरज सर येता-जाता मला टिचकी मारत.

“काय मॅडम, ह्यावर निदान कटिंग चहा तरी होईल का?”

“एका तुकड्यावर नाही होणार, सर. पण खाली मैलोन्‌मैल पसरलाय.”

“ते ठीक आहे. दिवाळीच्या आधी दिल्लीत मीटिंग आहे. आकडा चांगला असेल तर दुसरी विहीर. नाहीतर शोधासाठी मिळालेला तो सगळा जमिनीचा पट्टा सरकारला परत. मला आकडा द्या, बस्स.”

“बुडबुडे थांबले की देते.”

आता तुम्हाला कळले असेल, की माझ्यावर काय अवलंबून होते. दुसरी विहीर होणार की नाही, हे माझ्या पोटातल्या त्या तुकड्यावर ठरणार होते.

नवरात्रात मॅडम दुसऱ्या विहिरीची जागा बघायला झारखंडात गेल्या. जाताना त्यांनी सामान सांभाळणाऱ्या पंढरीनाथकाकांना सांगितले, “काका, हा डबा चालू आहे. पाणी थंड होऊ देऊ नका.”

“निर्धास्त जा, मॅडम. माझ्या पोरासारखा बघतो त्याला.”

ते खोटे बोलत नव्हते. काका आधी कारखान्यात होते आणि खंडेनवमीला, म्हणजे हत्यारे-अवजारे पुजण्याच्या दिवशी, तिथे एकही यंत्र चालत नसे. अवजार त्या दिवशी निजवायचे, धुवायचे, पुजायचे, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेले. आदल्या संध्याकाळी त्यांनी प्रयोगशाळेतले एकेक बटण बंद केले. माझ्या टाकीपाशी ते जरा घुटमळले.

“वर्षभर राबता रे बाबांनो. एक दिवस तुम्ही पण झोपा,” असे म्हणून त्यांनी पाणी तापवणारे बटणही बंद केले.

मित्रांनो, कोळसा थंड झाला की गॅस सुटणे अगदी मंदावते. गॅस संपत नाही, नुसता थबकतो. सकाळी काकांनी काचेच्या नळकांड्याकडे बराच वेळ पाहिले. एकही बुडबुडा नव्हता. त्यांनी नीरज सरांना फोन लावला.

“सर, मॅडमच्या डब्याचं संपलं वाटतं. आता काही येत नाही त्यातून.”

“बंद झालाय ना? मग घ्या धुऊन. डायरेक्टर येतायत पूजेला, फोटो काढायचेत. सगळं चकाचक पाहिजे हां, काका.”

झाकण फिरू लागले तेव्हा आतून फुस्स असा आवाज झाला. काकांना वाटले, हवा असेल. तोच तर गॅस होता! बटण चालू करा, थोडे थांबा, मॅडमना विचारा, हे मला ओरडून सांगायचे होते, पण मला बोलता येत नव्हते.

काकांनी मला चिंच लावून घासले. खरे सांगतो, इतक्या मायेने मला कोणीच हाताळले नव्हते. कोळसाही त्यांनी फेकला नाही. वर्तमानपत्रात नीट गुंडाळून कपाटात ठेवला. मला चौरंगावर मधोमध उभे केले, गंध लावले, झेंडूची माळ घातली. डायरेक्टर वाकून म्हणाले, “वा! हे आपलं नवीन मशिन का?” सगळ्यांनी मान डोलावली. माझे एवढे कौतुक पुन्हा कधी झाले नाही आणि ते मला आजही सहन होत नाही.

दसऱ्यानंतर मॅडम आल्या. माझ्या गळ्यातली माळ पाहून दारातच थांबल्या.

“काका, कोळसा कुठे आहे?”

“आहे ना, कपाटात! अगदी जपून ठेवलाय.”

मॅडमनी तो घाईने पुन्हा माझ्यात ठेवला, झाकण आवळले, पाणी तापवले. बुडबुडे आले, पण अगदी थोडे. मधल्या काळात किती निसटले, ते आता कोणालाच सांगता येणार नव्हते.

काका कोपऱ्यात उभे होते. “मॅडम, मी देवापुढेच ठेवला होता हो. वाईट काय केलं?”

मॅडमनी बुडबुड्यांचा आकडा वहीत लिहिला. रागवायचे तरी कोणावर? त्या थेट नीरज सरांकडे गेल्या.

“सर, मिळालेला आकडा कमी नाही, अपुरा आहे. दुसरा तुकडा काढायला लागेल.”

“मॅडम, अपुरा, कमी, हे दिल्लीला कळत नाही. त्यांना आकडा कळतो. आहे तोच अहवालात टाका.”

“आहे तो खोटा आहे.”

“मग मी टाकतो.”

त्यांनी तो टाकला. मॅडमनी सही केली नाही, पण त्यामुळे काही अडले नाही. कोळशात पुरेसा गॅस नाही असे ठरले, पट्टा परत गेला आणि दुसरी विहीर झालीच नाही. मॅडमनी पुढची दोन वर्षे निरनिराळ्या कार्यालयांना लिहिले. कोणी म्हणाले, कोळशाचे खाते वेगळे, गॅसचे वेगळे. कोणी म्हणाले, “तिथे तर गॅस नाही असं सिद्ध झालंय ना?” या एका वाक्याने मॅडमची सगळ्यात जास्त चिडचिड होई. जे मोजलेच नाही, ते सिद्ध कसे होईल?

आता मी एका महाविद्यालयाच्या काचेच्या कपाटात असतो. गिरिजा मॅडम तिथे शिकवतात. मुले मला हातात घेतात आणि विचारतात, “मॅडम, तिथला गॅस अजून आहे?”

“असेल. मला माहीत नाही,” मॅडम म्हणतात. इतकी वर्षे झाली तरी त्या याहून एक शब्द जास्त बोलत नाहीत, कारण जास्त बोलायला हातात मोजमाप नाही.

मित्रांनो, झारखंडातला तो कोळसा अजून पाण्याखाली तसाच पडून आहे. तुमच्यापैकी कोणी मोठेपणी तिथे गेलेच, तर एक नवा डबा घेऊन जा. तो मात्र ज्याने बंद केला, त्याला विचारल्याशिवाय उघडू नका. सण असो, साहेब येणार असोत, फोटो काढायचे असोत, डबा मळका राहिला तरी चालेल. पाणी गरम ठेवा आणि त्याच्याशेजारी बसून राहा.

मला नुसते चकचकीत ठेवले, मित्रांनो. मला सांभाळायला हवे होते.